विजेच्या बिलातून फेडायचा हीट पंप: न्यूयॉर्क राज्यातल्या घरमालकांसाठी हिशेब आणि पायऱ्या

न्यूयॉर्क राज्यात तेलावर, प्रोपेनवर किंवा भिंतीच्या पायथ्याशी बसवलेल्या जुन्या विजेच्या बेसबोर्ड हीटरवर गरम होणारं घर हीट पंपावर (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या जोरावर आत आणणाऱ्या यंत्रावर) आणायचं म्हटलं, की कोटेशनचा आकडा सहज वीस हजार डॉलरच्या आसपास जातो. त्यातला काही भाग कर्ज म्हणून घेऊन विजेच्या बिलातूनच दरमहा फेडायची सोय २०११ च्या पॉवर न्यूयॉर्क कायद्याने झाली. कर्ज देते राज्याची ऊर्जा संस्था, नायसर्डा. हप्ता बिलात एक वेगळी ओळ म्हणून छापून येतो आणि वीज कंपनी तो गोळा करून पुढे पाठवते. कॉन एडिसन, पीएसईजी लाँग आयलंड, सेंट्रल हडसन, ऑरेंज अँड रॉकलंड, एनवायएसईजी, आरजीअँडई आणि उत्तरेकडचा नॅशनल ग्रिड या कंपन्यांचे ग्राहक यात बसतात. योजनेचं नाव ऑन-बिल रिकव्हरी.

कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी याचं वर्णन ‘बिल होतं तेवढंच राहील’ असं असतं. काही घरांत ते खरं ठरतं, काही घरांत अजिबात नाही. घर कुठल्या गटात मोडतं हे सही करण्याआधी अर्ध्या तासात काढता येतं, म्हणून अर्जाच्या आधी हिशेब.

हप्त्याची कमाल मर्यादा कुठून येते

नेहमीच्या कर्जात बँक तुमची ऐपत पाहते. इथे ऐपतीबरोबर घराची ऊर्जाबचतही मोजतात: मासिक हप्ता अंदाजित वार्षिक बचतीच्या बाराव्या भागापेक्षा जास्त ठेवता येत नाही. म्हणजे कामाचा खर्च किती, यावर बिलातल्या कर्जाची रक्कम ठरत नाही. बचत किती, यावर ठरते. कर्जाची कमाल रक्कम २५,००० डॉलर, मुदत ५, १० किंवा १५ वर्षं. व्याजदर कुटुंबाच्या उत्पन्नानुसार वेगवेगळा असतो आणि अधूनमधून बदलतो, तेव्हा अर्जाच्या दिवशीचाच तक्ता हातात घ्या. खालच्या सगळ्या उदाहरणांत सोयीसाठी ५ टक्के आणि १५ वर्षं धरली आहेत. त्या दराने दर हजार डॉलर कर्जाला महिना ७.९१ डॉलर हप्ता पडतो.

आता तीन घरं घ्या. वीज २४ सेंट युनिट, तेल ४ डॉलर गॅलन, गॅस १.६० डॉलर थर्म (बिलावरचं गॅसचं माप) असे भाव धरू. तुमच्या बिलावरचे भाव वेगळे असतील, तेच घाला. युनिटचा भाव काढताना पुरवठा, वितरण आणि कर हे तिन्ही धरायचे. फक्त पुरवठ्याचा दर धरला तर वीज निम्म्या भावाची वाटते, आणि कोटेशनमधल्या गोंडस बचतीच्या मागे बऱ्याचदा हेच असतं.

पहिलं घर तेलाचं. खोल्या गरम करायला वर्षाला ७०० गॅलन, म्हणजे २,८०० डॉलर. एका गॅलनमध्ये साधारण १,३८,५०० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक). बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम धरला तर घराला प्रत्यक्ष मिळालेली उष्णता ८.२४ कोटी बीटीयू. एक युनिट वीज म्हणजे ३,४१२ बीटीयू, तेव्हा ही झाली २४,१५० युनिटांची उष्णता. हीट पंप हिवाळ्याच्या सरासरीत एका युनिटमागे २.७ युनिट उष्णता देतो असं धरा, तर वीज लागेल ८,९४५ युनिट, खर्च सुमारे २,१४७ डॉलर. वार्षिक बचत ६५३, महिना ५४. त्या ५४ डॉलरमध्ये बसणारं कर्ज जेमतेम ६,९०० डॉलरचं.

दुसरं घर विजेच्या बेसबोर्डचं. गरम करायला वर्षाला १५,००० युनिट जात असतील, तर हीट पंपाला तेवढ्याच उष्णतेसाठी ५,५५६ युनिट लागतील. वाचले ९,४४४ युनिट, म्हणजे २,२६७ डॉलर, महिना १८९. यात जवळजवळ २३,९०० डॉलरचं कर्ज बसतं. ही योजना खऱ्या अर्थाने या घरासाठी आहे.

तिसरं गॅसचं. वर्षाला ८०० थर्म (एक थर्म म्हणजे १ लाख बीटीयू), १,२८० डॉलर. त्याच उष्णतेसाठी हीट पंपाला ७,३८० युनिट, १,७७० डॉलर. खर्च वर्षाला ४९० डॉलरने वाढतो. बचतच नाही, तर बिलातल्या कर्जालाही जागा नाही. गॅसच्या घरात हीट पंप घालायची कारणं दुसरी असू शकतात, म्हणजे उन्हाळ्यात एसी हवाच आहे, फर्नेस मरायला टेकली आहे, घरात ज्वलन नको आहे. पण ‘बिलातून आपोआप फिटेल’ हे त्यातलं कारण नव्हे. कोणी कागदावर तसं दाखवलं, तर आकडेमोड समोर बसून करून घ्या.

२.७ हा आकडा हवेवर चालणाऱ्या, थंड हवामानासाठी बनवलेल्या चांगल्या यंत्राचा आणि नीट बसवलेल्या कामाचा आहे. गरम हवा नेणारे डक्ट थंड पोटमाळ्यातून जात असतील आणि गळत असतील, किंवा मदतीला ठेवलेली हीट स्ट्रिप, म्हणजे साधा विजेचा हीटर, वरचेवर सुरू होत असेल, तर तो खाली येतो. तेलाचं उदाहरण २.२ ने करून पाहा: बचत वर्षाला १६६ डॉलरवर, म्हणजे महिना जेमतेम १४ वर येते. तेलाच्या घरात एवढी अरुंद जागा असते, हे कोटेशन वाचताना लक्षात असू द्या.

आधी भिंती आणि पोटमाळा, मग यंत्र

बिलातल्या कर्जाला जागा कमी पडत असेल तर ती वाढवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग इन्सुलेशनचा. वरच्याच तेलाच्या घरात फटी बुजवून आणि पोटमाळ्यात आर-४९ पर्यंत (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप) सेल्युलोज भरून उष्णतेची गरज २० टक्क्यांनी कमी झाली असं समजा. आता हीट पंपाला ५६० गॅलनच्या तोडीचीच उष्णता द्यायची आहे, खर्च सुमारे १,७१७ डॉलर. मूळ २,८०० शी तुलना केली तर बचत १,०८३, महिना ९०. कर्जाची जागा ६,९०० वरून ११,४०० वर गेली. वाढलेल्या साडेचार हजारांत इन्सुलेशनचा बराचसा खर्च निघतो, वर यंत्रही लहान लागतं. एकाच अर्जात दोन्ही कामं दाखवायची, ती याचसाठी. ‘इन्सुलेशन पुढच्या वर्षी बघू’ म्हणणारा कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला मोठं यंत्र आणि लहान कर्ज विकतो आहे.

सुरुवात नायसर्डामार्फत होणाऱ्या घराच्या ऊर्जातपासणीने करा. एक ते चार कुटुंबांच्या घरांना ती मोफत आहे. तपासणीला येणाऱ्याने दारात पंखा लावून हवेची गळती मोजली पाहिजे, म्हणजे ब्लोअर डोअर चाचणी. फ्लॅशलाइट घेऊन फेरी मारून गेला तर चाचणीसाठी पुन्हा बोलवा. त्याला द्यायला १२ महिन्यांची विजेची बिलं आणि तेलवाल्याकडून दोन हिवाळ्यांच्या डिलिव्हरीच्या नोंदी काढून ठेवा. तेल टाकीत भरल्याची तारीख आणि जाळल्याची तारीख वेगळी असते, म्हणून एका वर्षाच्या नोंदी फसवतात.

इथे आपल्या घरांतली एक खास गोष्ट. भारतातून आई-बाबा हिवाळ्यात राहायला आले की थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरेनहाइटवरून ७४ वर जातो. दिवसरात्र ठेवलेल्या प्रत्येक अंशाला साधारण ३ टक्के जास्त इंधन लागतं. बचतीचा अंदाज कुठल्या तापमानावर केला आहे ते विचारा आणि ज्या वर्षी पाहुणे होते ते वर्ष ओळखून सांगा. नाहीतर कागदावरची बचत आणि घरातली बचत कधीच जुळत नाहीत.

आणखी एक चूक वरचेवर दिसते. पुष्कळ तेलाच्या बॉयलरमधूनच नळाचं गरम पाणीही येतं. मग वर्षाच्या एकूण ९०० गॅलनपैकी दीड-दोनशे गॅलन आंघोळीचं आणि भांड्यांचं असतं. खोल्यांसाठी हीट पंप बसवला पण पाण्यासाठी बॉयलर ठेवला, तर उन्हाळाभर एवढा मोठा लोखंडी बॉयलर बादलीभर पाण्यासाठी तापत राहतो आणि ते तेल वाचत नाही. उन्हाळ्यातल्या डिलिव्हरीवरून पाण्याचा वाटा काढा. बॉयलर काढणार असाल तर हीट पंपाचा वॉटर हीटर त्याच कोटेशनमध्ये हवा.

कोटेशन वाचताना

यंत्राचा आकार मॅन्युअल जे (घराची उष्णतेची गरज काढायची प्रमाणित पद्धत) या पद्धतीच्या गणितावर ठरला पाहिजे, आणि त्या गणिताची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. ते बरोबर आहे का, हे इंधनावरून पडताळता येतं. लाँग आयलंडवर वर्षाचे हीटिंग डिग्री-डे (रोजचं सरासरी तापमान ६५ अंशांच्या जितकं खाली, त्याची वर्षभराची बेरीज) साधारण ५,०००. घराला मिळालेली उष्णता ८.२४ कोटी बीटीयू भागिले (५,००० गुणिले २४) म्हणजे बाहेर-आतल्या दर अंश फरकाला ताशी ६८७ बीटीयू. बाहेर १५ अंश फॅरेनहाइट असताना, ६५ च्या पायावरून फरक ५० अंशांचा: गरज ताशी ३४,००० बीटीयू. अशा घराला ५ टनांचं (ताशी ६०,००० बीटीयूचं) यंत्र सुचवलं जात असेल, तर कुणीतरी फक्त चौरस फूट मोजले आहेत. मोठं यंत्र सतत सुरू-बंद होतं, वीज जास्त खातं आणि उन्हाळ्यात दमटपणा काढत नाही.

टनाचा आकडा उन्हाळ्यात थंड करण्याच्या क्षमतेचा असतो आणि छापलेली गरम करण्याची क्षमता बहुधा ४७ अंशांवरची, हेही विसरू नका. विचारायचं ते ५ अंशांवर किती बीटीयू देतो. थंड हवामानाच्या यंत्रांची एनईईपी या ईशान्येकडच्या ऊर्जाबचत संस्थेची यादी आहे. तिथे तुमच्या मॉडेलचं पान उघडून ५ अंशांवरची क्षमता आणि कार्यक्षमता पाहा. आत आणि बाहेरच्या युनिटची जोडी यादीतल्या जोडीशी जुळत नसेल तर सवलतही अडकते. एनवायएस क्लीन हीट ही वीज कंपन्यांची सवलत संपूर्ण घरासाठी मिळवायची, तर यंत्रणेने घराची किमान ९० टक्के गरज भागवली पाहिजे, आणि काम योजनेत नोंदलेल्या कॉन्ट्रॅक्टरनेच करावं लागतं. सवलत बहुधा थेट त्याला मिळते. ती कोटेशनमध्ये वजा करून दाखवलेली हवी, ‘नंतर मिळेल’ असं नाही.

केंद्र सरकारची हीट पंपावरची २,००० डॉलरपर्यंतची करसूट ३१ डिसेंबर २०२५ नंतर बसवलेल्या यंत्रांना उरलेली नाही. अजून ती वजा करून निव्वळ किंमत दाखवणारं कोटेशन जुन्या साच्यातलं आहे. परत पाठवा.

इलेक्ट्रिक पॅनल हा लपलेला खर्च. १०० अँपचा पॅनल दिसला की २०० अँपचा घाला असं सर्रास सांगतात. घराच्या भाराचं गणित आधी करायला लावा. सुकवणी यंत्र आणि शेगडी गॅसवर असेल तर पुष्कळदा १०० अँपमध्ये भागतं. मात्र १० किलोवॅटची हीट स्ट्रिप एकटीच ४२ अँप ओढते. ५ अंशांवर घर सांभाळू शकणारं यंत्र असेल, तर लहान स्ट्रिप घालून पॅनलचे काही हजार वाचतात.

उरलेले पैसे

तेलाच्या घराचंच उदाहरण पुढे नेऊ, इन्सुलेशनशिवाय. समजा काम २२,००० डॉलरचं आणि सवलती ६,००० च्या. उरले १६,०००. त्यातले ६,९०० बिलातून. बाकी ९,१०० साठी नायसर्डाचंच जोडकर्ज मिळतं, पण त्याचा हप्ता बचतीला बांधलेला नसतो आणि तो वेगळा भरायचा असतो: त्याच दराने महिना ७२ डॉलर. एकूण १२६ जातात आणि ५४ वाचतात. या व्यवहाराला ‘फुकट’ म्हणता येणार नाही. मात्र बॉयलर २५ वर्षांचा असून बदलायलाच आला असेल आणि एसीही घालायचा असेल, तर त्या दोन्हींचा खर्च वाचतो, आणि मग हेच आकडे वेगळे दिसतात. चांगला चालणारा, दहा वर्षांचा बॉयलर फक्त या कर्जाच्या मोहाने काढू नये, असं आमचं मत आहे.

अर्ज

अर्जदार घराचा मालक हवा आणि वीज खात्यावर त्याचं नाव हवं. डीडवर (घराच्या मालकीच्या कागदावर) एकाचं नाव आणि बिलावर दुसऱ्याचं, असं नवराबायकोंत हमखास असतं. वीज कंपनीला फोन करून नाव आधीच जोडून घ्या, नाहीतर अर्ज तिथेच लटकतो. को-ऑप इमारतीतल्या फ्लॅटला हा मार्ग बसत नाही. क्रेडिट स्कोअर कमी असला तरी दार बंद नाही: दुसऱ्या श्रेणीत गहाणकर्जाचे हप्ते वेळेवर गेले आहेत का, यासारख्या गोष्टी पाहतात. तेव्हा एका नकारावर थांबू नका, दुसऱ्या श्रेणीत विचार झाला का ते विचारा.

कर्जाचे पैसे काम पूर्ण झाल्यावर कॉन्ट्रॅक्टरला जातात, तुमच्या हातात येत नाहीत. कर्ज मंजूर व्हायच्या आत काम सुरू करू देऊ नका. मध्येच कामाची व्याप्ती बदलली, एखादं युनिट वाढलं किंवा इन्सुलेशन गाळलं, तर बचतीचं गणितही बदलतं. मंजुरी नव्याने घ्यावी लागते. कागदपत्रांत एक जाहीरनामा असतो, तो काउंटी क्लार्ककडे नोंदला जातो. तो घरावरचा बोजा नव्हे, पण मालमत्तेच्या शोधात दिसतो.

सही करण्याआधी काय तपासायचं

काम पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रावर तुमची सही झाली की पैसे सुटतात. तुमच्या हातातली ही शेवटची दोरी आहे, म्हणून बसवणारी मंडळी गाडीत सामान भरत असताना घाईने सही करू नका.

आधी तांब्याच्या नळ्या. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबावर नायट्रोजन भरून चाचणी झाली पाहिजे, त्यानंतर व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली जाऊन पंप बंद केल्यावरही टिकलं पाहिजे. गेजचा फोटो मागा. नळ्यांचा फ्लेअर जोड टॉर्क पान्याने (ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळलेला नसेल तर यंत्रातला रेफ्रिजरंट गॅस हळूहळू गळतो आणि पहिल्या जानेवारीत यंत्र ‘कमी पडतंय’ असं वाटू लागतं. बाहेरचं युनिट स्टँडवर, बर्फाच्या वर किमान फूट-दीड फूट उंच आणि छपराच्या धारेखाली नाही, हे पाहा. डीफ्रॉस्टचं पाणी पायवाटेवर पडून तिथे बर्फ साचायला नको. थर्मोस्टॅटमध्ये स्ट्रिप कुठल्या बाहेरच्या तापमानाखाली सुरू होणार, ते विचारून लिहून घ्या. ही मर्यादा ४० अंशांवर ठेवलेली सापडते, आणि मग अख्खा हिवाळा घर महागड्या हीटरवर चालतं.

तेलाची टाकी काढली असेल तर भिंतीतून बाहेर आलेला भरायचा पाइपही काढलाच पाहिजे. पाइप राहिला आणि तेलवाल्याच्या यादीत पत्ता राहिला, तर त्याचा माणूस सवयीने नळी लावतो आणि शेकडो गॅलन तेल तळघरात पडतं. तेलवाल्याला लेखी कळवा, आणि पाइप काढल्याची खात्री स्वतः बाहेर जाऊन करा. बॉयलर गेला पण गॅसचा वॉटर हीटर त्याच चिमणीत राहिला, तर एवढी मोठी चिमणी आता गार राहते, धूर नीट वर जात नाही. लायनर, म्हणजे चिमणीच्या आत अरुंद नळी, घालावा लागतो.

पहिला हिवाळा

तेलाच्या घरात बचत दिसते ती न आलेल्या तेलाच्या बिलात. विजेचं बिल मात्र फुगतं. वर्षाच्या ८,९४५ युनिटांपैकी १,७०० च्या आसपास एकट्या जानेवारीत जातात. म्हणजे घराच्या नेहमीच्या वापरावर आणखी ४०० डॉलर, त्यात हप्ता ५४. हे माहीत नसलं की लोक घाबरून कॉन्ट्रॅक्टरला फोन करतात. वर्षाचं बिल बारा समान भागांत वाटून देणारं बजेट बिलिंग पहिल्याच महिन्यात सुरू करा. रात्री थर्मोस्टॅट दहा अंश खाली उतरवायची फर्नेसच्या काळातली सवय सोडा. सकाळी घर झटकन तापवायला स्ट्रिप धावून येते आणि रात्रीची बचत खाऊन टाकते. दोन-तीन अंश पुरे.

फेब्रुवारीअखेर डिग्री-डेच्या प्रमाणात युनिट तपासा. अंदाजापेक्षा २० टक्क्यांहून जास्त जात असतील तर आधी स्ट्रिपची सेटिंग, मग रेफ्रिजरंट गॅसचं प्रमाण, मग डक्टची गळती, या क्रमाने शोधा. बचतीची हमी कोणी देत नाही. अंदाज चुकला तरी हप्ता तोच राहतो. हप्ता थकला तर तो बिलाचाच भाग मानला जातो, म्हणजे वीज तोडण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. मात्र घरगुती ग्राहकांना कायद्याने मिळणारी संरक्षणं, म्हणजे आधीची नोटीस आणि हप्ते बांधून घ्यायची सोय, इथेही लागू होतात.

नदीपलीकडे न्यू जर्सीत, जिथे आपली वस्ती दाट आहे, पीएसईअँडजीसारख्या कंपन्या शून्य टक्के व्याजाने बिलातून परतफेड देतात. व्याज नाही म्हणजे कर्ज उत्तमच. पण तिथे हप्ता बचतीत बसलाच पाहिजे अशी न्यूयॉर्कसारखी अट नाही, आणि बहुतेक घरं गॅसची. वरचं तिसऱ्या घराचं गणित तिथे तुम्हालाच करावं लागेल. कॅन्सस, आर्कान्सा, नॉर्थ कॅरोलिनातल्या काही ग्रामीण वीज सहकारी संस्थांत तिसरा प्रकार आहे: तिथे कर्ज माणसाच्या नावावर नसून आकार मीटरला जोडलेला असतो, आणि तो सहसा अंदाजित बचतीच्या ८० टक्क्यांतच ठेवतात. उरलेले २० टक्के पहिल्या महिन्यापासून ग्राहकाचे. भाडेकरूंनाही त्यात जागा मिळते, कारण क्रेडिट स्कोअर पाहत नाहीत.

घर विकताना

न्यूयॉर्कमध्ये विकताना दोन वाटा: विक्रीच्या पैशातून उरलेलं कर्ज फेडून टाकणं, किंवा ते नव्या मालकाच्या बिलावर जाऊ देणं. दुसरी निवडली तर खरेदीचा प्रस्ताव स्वीकारण्यापूर्वीच खरेदीदाराला लेखी कळवावं लागतं; क्लोजिंगच्या (विक्रीच्या अंतिम सह्यांच्या) टेबलावर पहिल्यांदा सांगून चालत नाही. तुमच्या काळातली थकबाकी तुमच्याकडेच राहते. बेसबोर्डच्या घरात, जिथे हप्ता बचतीत आरामात बसतो, तिथे आधीच्या हिवाळ्याची आणि नंतरच्या हिवाळ्याची बिलं शेजारी ठेवली की खरेदीदार सहसा हरकत घेत नाही. त्याचा वकील किंवा बँक मात्र कर्ज फेडाच म्हणू शकते, म्हणून वाटाघाटीत तेवढी रक्कम धरून ठेवा. फेडलं तर काउंटी क्लार्ककडची नोंदही बंद करून त्याची प्रत क्लोजिंगआधी वकिलाकडे द्या.